नदीकाठची शिकारीची जमीन घेताय? आधी एवढं बघा

अमेरिकेत पहिल्यांदाच अशी जमीन घेताय, जरूर घ्या. फक्त बयाणा देण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

१. पूर. फेमाचा (अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा) पूरनकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो. जमिनीचा किती भाग ‘एई’ झोनमध्ये आहे ते पाहा. तिथे दरवर्षी पूर यायची शक्यता किमान १ टक्का धरतात. मग पानगळीनंतर स्वतः फिरा. फांद्यांत अडकलेला कचरा आणि खोडांवरची गाळाची रेघ बघितली की पाणी कुठवर चढतं ते कळतं. रेघ छातीएवढी असेल तर तिथे केबिनचा विचार सोडा. मचाण चालेल.

२. रस्ता. नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर वहिवाटीचा हक्क काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) दप्तरी नोंदलेला हवा. “सगळे इथूनच जातात” या बोलण्यावर जाऊ नका. शेजारी बदलला की फाटकाला कुलूप लागतं.

३. हद्द. जुन्या कुंपणावर विसंबू नका, सर्व्हे करून घ्या. नदी काठ खाते, त्यामुळे कागदावरचे एकर जागेवर भरतीलच असं नाही.

केबिन बांधायचीच असेल तर करारात पर्क टेस्टची, म्हणजे मातीत पाणी किती मुरतं त्या चाचणीची, अट घाला. मातीत पाणी मुरत नसेल तर साधी सेप्टिक टाकी मंजूर होत नाही, आणि पर्याय बराच महाग पडतो.

हरणांसाठी पेरणी, ट्रेल कॅमेरे वगैरे सध्या राहू द्या. आधी एक हंगाम जनावरांच्या वाटा नुसत्या बघा. आणि हो, जमीन स्वतःची असली तरी शिकारीचे हंगाम आणि मर्यादा राज्यच ठरवतं.