फोन सुरू होतो, मग पॅच का अडतो?

प्रश्न : माझ्या जुन्या स्नॅपड्रॅगन ८४५च्या फोनसाठी कंपनीच्या कर्नलमधली (सिस्टिमच्या गाभ्यातली) डिव्हाइस ट्री, म्हणजे फोनमध्ये कोणते भाग कुठे आहेत हे सांगणारी फाइल, घेऊन ती मूळ लिनक्सला जुळवली. फोन सुरू होतो, टचही चालतो. तरी लिनक्सचे तपासणारे माझे पॅच (पाठवलेले बदल) परत पाठवतात आणि विचारतात : सगळे रेग्युलेटर (भागांना वीज पुरवणारे) ऑलवेज-ऑन, म्हणजे कायम चालू का, राखीव पिना (कर्नलने हात लावू नये अशा) कुठे, बाइंडिंग (त्या फाइलमध्ये काय कसं लिहायचं याचे नियम) कुठे? चालतंय ना, मग ही किरकिर कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मीही अशा फायली तपासतो, त्यामुळे किरकिऱ्यांचीच बाजू घेणार.

फोनमधल्या बऱ्याचशा चिप स्वतःहून ओळख देत नाहीत. कोण कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पिनेवर, किती व्होल्टवर, हे कर्नलला फक्त डिव्हाइस ट्रीची फाइल सांगते. तुमचा स्क्रीन उजळतो, पण त्याची वीज बूटलोडरनेच (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) चालू करून ठेवलेली असते. कोणी न मागितलेले रेग्युलेटर कर्नल थोड्या वेळाने बंद करतो. ते होऊ नये म्हणून सगळ्यांवर ऑलवेज-ऑन ठोकलं, की कुठल्या भागाला कुठली वीज लागते हा प्रश्नच झाकला जातो. फोन झोपला तरी ती वीज चालूच, बॅटरी उतरतेच.

मी आधी कमाल व्होल्टेज बघतो, मग राखीव मेमरी, म्हणजे कर्नलने वापरायची नाही अशी. मोडेम आणि सुरक्षित फर्मवेअरच्या जागेला कर्नलने हात लावला की फोन गपकन रीस्टार्ट होतो, लॉगमध्ये अवाक्षर नाही. पिनांचंही तेच. पोको एफ१च्या फायलीत ० ते ३ आणि ८१ ते ८४ या पिना राखीव आहेत. तुमच्या फोनच्या वेगळ्या असू शकतात, आंधळेपणाने उचलू नका.

त्याच पोको एफ१चे दोन पॅनेल (स्क्रीन) आहेत, टियान्मा आणि ईबीबीजी. म्हणून मूळ कर्नलमध्ये त्याच्या दोन वेगळ्या फायली आहेत. ‘माझ्याकडे चालतं’ हे एका पॅनेलपुरतंच खरं असतं.

नोडांचा (फाइलमधल्या नोंदींचा) क्रम, हेक्स आकड्यांमधली लहान इंग्रजी अक्षरं, याला किरकिर म्हणा, हरकत नाही. पण पाठवण्याआधी डीटीबीएस-चेक (फाइल बाइंडिंगशी ताडून बघणारी आज्ञा) चालवलात तर निम्म्या तक्रारी संगणकच करेल. नवीन बाइंडिंग वेगळ्या पॅचमध्ये, आणि तो आधी.

ऑलवेज-ऑन एकेक करून काढा, सुरुवात टचपासून. आणि पॅनेल कोणत्या कंपनीचं ते पॅचच्या मजकुरात लिहा. पत्रात तरी ते दिसलं नाही.