शिक्षकांना एवढ्या सुट्ट्या असतात, मग वेगळी विश्रांती कशाला हवी?

सुट्टी आणि विश्रांती यांत गल्लत होते. मे महिन्यात झोप काढून डिसेंबरातला थकवा जात नाही.

आधी घशाचं बघा. बोलताना स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 120 वेळा, तर स्त्रियांत 200 च्या आसपास थरथरतात. सलग चार तास वर्गाच्या गोंगाटावर आवाज चढवला की त्यांना सूज येते, आवाज बसतो. त्यावर उपाय म्हणजे दोन तासिकांच्या मधे थोडा वेळ गप्प बसणं आणि पाणी पिणं. कुजबुजणं मात्र विश्रांतीत धरू नका, त्यानेही ताण पडू शकतो.

दुसरं, डोक्याचा शीण. वर्गात क्षणाक्षणाला निर्णय घ्यावे लागतात: कोणाला विचारायचं, कोणाकडे दुर्लक्ष करायचं, चिडायचं की हसण्यावारी न्यायचं. मधली सुट्टीही मुलांवर लक्ष ठेवण्यात आणि वह्या तपासण्यात गेली, तर तिला सुट्टी का म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. हा आजार नव्हे, तर न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम. लक्षणं तीन: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. दुसरं लक्षण मुलांच्या सगळ्यात आधी लक्षात येतं, असं मला वाटतं.

त्यामुळे वेळापत्रक आखतानाच रिकामा तास ठेवा, आणि तो गैरहजर शिक्षकाच्या बदली तासासाठी पळवू नका. रात्री पालकांचे मेसेज? सकाळी बघितले तरी चालतं.