अमेरिकेतून निवृत्त होऊन पुण्यात राहतोय. मेडिकेअरचा (तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा भाग, चालू ठेवावा का?
मुलांजवळ परत राहायला जायची शक्यता असेल तर ठेवा. पुण्यातल्या हॉस्पिटलचं बिल मेडिकेअर देत नाही, म्हणजे हा हप्ता निव्वळ परतीची वाट मोकळी ठेवण्यासाठी. महागच पडतो. पण सोडून नंतर पुन्हा घेतलात, तर मधल्या दर पूर्ण वर्षामागे हप्ता 10 टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा. आणि नोंदणी साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्येच. पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, मात्र राहू द्या. तिथे 10 वर्षं नोकरी झाली असेल तर त्याला हप्ताच नाही.

कायमचे इथेच राहणार असाल, तर आधी इथली पॉलिसी हातात घ्या, मग बी सोडा. आधीपासूनच्या आजारांचं कव्हर सुरू व्हायला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी, डायबेटिस फॉर्ममध्ये लिहाच, एजंट ‘गरज नाही काका’ म्हणाला तरी.