मुलाला निवासी शाळेत घालायचे आहे, ऐकायचे कोणाचे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. मुलगा पाचवीत आहे आणि येत्या मार्चअखेर तो अकरा वर्षांचा होईल. माझी आणि यजमानांची, दोघांचीही नोकरी शिफ्टची असल्यामुळे त्याला सहावीपासून निवासी शाळेत घालावे असे वाटते. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, १९९० च्या दशकात साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकले. ते म्हणतात, दुसरीकडे बघूच नका. शेजारच्या काकूंनी नातवाला एका निवासी शाळेतून वर्षभरातच परत आणले. त्या म्हणतात, मुळीच पाठवू नका. शेवटी मी मोबाइलवरच्या एका एआय साधनाला मुलाचे नाव, शाळा, गुण आणि त्याचा दमा, असे सगळे सांगून विचारले. त्याने पाच शाळांचा सुबक तक्ता दिला, पण एका शाळेचे शुल्क कार्यालयात फोन केल्यावर बरेच जास्त निघाले. मुलगा मात्र एवढेच विचारतो, की तान्ह्या पोळ्याला घरी येता येईल का. आम्ही नेमका कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : ताई, शुल्काचा आकडा तुम्ही फोन करून पडताळला, हे फार चांगले केले. असे साधन पुष्कळ मजकूर वाचून शिकलेले असते आणि पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे ताडत वाक्य रचते. त्यामुळे एखादा आकडा जुना असला किंवा ठाऊकच नसला, तरी ते पटण्यासारखा आकडा लिहून मोकळे होते. शुल्क, वयाची अट आणि अर्जाची मुदत या तीन गोष्टी शाळेच्या किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या चालू वर्षाच्या सूचनेतूनच घ्याव्यात. शिवाय प्रश्नाचा कल पाहून उत्तराचाही कल बदलतो. ‘सातारा चांगलेच ना?’ असे विचारले की बहुधा होकार मिळतो.

तुमच्या भासऱ्यांचा जिव्हाळा खरा आहे, पण ते जी शाळा सांगतात ती तीस वर्षांपूर्वीची आहे. सातारचे सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झाले, देशातले पहिले. त्याचा लौकिक मोठाच आहे. मात्र आता प्रवेश परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते, मुलींनाही प्रवेश मिळतो, आणि २०१९ पासून चंद्रपूरलाही सैनिक स्कूल आहे. सहावीसाठी ३१ मार्चला वय दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान असावे लागते, त्यात तुमचा मुलगा बसतो. नागपूर ते चंद्रपूर अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे, आणि दम्याच्या मुलाच्या आईला मध्यरात्री फोन आला तर हे अंतर फार महत्त्वाचे ठरते. तिथे वैद्यकीय तपासणीही होते, म्हणून दम्याविषयी आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. नवेगाव खैरीचे जवाहर नवोदय विद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे आणि शिक्षण, राहणे, जेवण तिथे विनामूल्य असते. मात्र किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असल्याने शहरातल्या मुलाला चुरस जास्त असते.

आता ज्या गोष्टीसाठी मला तुम्हाला मनापासून लिहावेसे वाटते, ती सांगते. मी अकरा वर्षे मुलांच्या वसतिगृहाची रेक्टर होते. एका जूनमध्ये सहावीत आलेला एक मुलगा रोज पहाटे चारला उठून आपली चादर धुवायचा आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, कोणाला दिसणार नाही अशी वाळत घालायचा. आमच्या माहितीपुस्तिकेत ‘प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष’ असे छापलेले होते, आणि तरीही हे मला ऑगस्टपर्यंत कळले नाही. झाडणाऱ्या मावशींना ओली चादर दिसली, त्यांनी त्याला काही न विचारता दुसरी चादर दिली आणि मग मला येऊन सांगितले. तुमच्या तक्त्यातले वसतिगृहाचे रकाने बहुतेक अशाच छापील वाक्यांवरून भरलेले असणार, आणि त्या मावशी कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

म्हणून प्रत्येक शाळेला एकच प्रश्न नक्की विचारा : माझा मुलगा रात्री उठून रडत बसला, किंवा त्याला धाप लागली, तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल? उत्तरात माणसाचे नाव, तो झोपतो ती खोली आणि इन्हेलर कोणाकडे राहील हे आले पाहिजे. ‘आमची यंत्रणा आहे’ एवढेच आले, तर पुन्हा विचारा. शक्यतो रात्रीच्या जेवणाच्या वेळी मेसमध्ये जा आणि आत्ता तिथे सहावी-सातवीत असलेल्या मुलांच्या दोन-तीन पालकांशी शाळेच्या माणसांशिवाय बोला. त्यांचा अनुभव ताजा असतो. शेजारच्या काकूंकडेही पुन्हा जा, पण ‘पाठवू का?’ असे न विचारता ‘नातवाचे नेमके काय बिनसले?’ असे विचारा; जेवण, मोठ्या मुलांचा त्रास, अभ्यास की नुसती घरची ओढ, यावर त्यांच्या सल्ल्याचा अर्थ अवलंबून आहे.

एआय साधन इथे कामाला येईल. दम्याच्या मुलासाठी वसतिगृहात काय काय पाहावे, याची यादी त्याच्याकडून करून घ्या. ती यादी मी करीन त्याहून लांब होईल. फक्त मुलाचे नाव आणि शाळा त्यात घालू नका, ‘अकरा वर्षांचा मुलगा’ एवढे पुरते. आधीचे संभाषण पुसून टाकलेले बरे.

राहिला मुलाचा प्रश्न. तुमच्या पत्रात तो ओझरता आला आहे, पण भासरे, काकू आणि तुमचा तक्ता यांपैकी कोणीही जे विचारले नाही ते त्याने विचारले आहे. आपल्याकडे तान्हा पोळा हा लाकडी नंदी सजवून मिरवण्याचा मुलांचा सण असला, तरी विदर्भाबाहेरच्या शाळेत त्या दिवशी बहुधा नेहमीचे तास असतात. शाळेकडून वर्षाचा सुट्ट्यांचा तक्ता मागवून घ्या आणि त्याला शेजारी बसवून पाहा, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय लिहिले आहे. सुट्टी नसेल तर तसे त्याला आत्ताच सांगा, आणि लाकडी नंदी सोबत नेऊ देतात का, हे मेसच्या भेटीच्या दिवशी रेक्टरना त्यालाच विचारू द्या.