आकडा १४०, आईला पहाटे फिरायला नेऊ का?

प्रश्न : सर, माझ्या आईला दमा आहे. मोबाईलवर जालन्याच्या हवेचा आकडा १४० दिसतो, खाली ‘मध्यम’ लिहिलेलं. तिला पहाटे फिरायला नेऊ का? आणि धूळ तर डोळ्यांनाच दिसते, ती मोजून काय मिळतं?
– एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : ताई, पहाटे नकोच. उन्हं वर आल्यावर न्या. तो १४० म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय), तो चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत दबून बसते, त्यात घरोघर पऱ्हाट्यांवर बंब पेटलेले. तो धूर सरासरीत बुडून जातो.

तुमचा दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. लातूरला काही वर्षं मी हेच काम केलं. कोरा फिल्टर तोलायचा, गच्चीवरच्या यंत्रात लावायचा, काळवंडला की पुन्हा तोलायचा. वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेनं भागलं की कळलं हवेतल्या कणांचं प्रमाण. सुरुवातीला एकदा चिमटा सोडून बोटांनी फिल्टर उचलला, तर माझा घामही लातूरच्या हवेच्या नावावर जमा व्हायची वेळ आली!

दिसणारी धूळ बहुतेक नाका-घशातच अडकते. अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण, म्हणजे पीएम २.५, मात्र फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि ते दिसत नाहीत. १४० हा निर्देशांक पीएम १० मुळे, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांमुळे आला, तर हवेत ते घनमीटरला साधारण १६० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ मुळे आला, तर साधारण ७२. म्हणून मुख्य प्रदूषक कोणता, ते बघा. पीएम २.५ असेल त्या दिवशी आईला जास्त जपा.

अमेरिकेत सहा शहरांची हवा मोजत आठ हजारांवर माणसांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. बारीक कण जास्त तिथे मृत्यूही जास्त, हे १९९३ साली छापून आलं. १९९७ साली तिथे पीएम २.५ ची मर्यादा आली. आपल्याकडे ती २००९ साली, चोवीस तासांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जालना, लातूर, संभाजीनगर ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आली तीही मोजणीमुळेच. पण तिथे यश मुख्यतः पीएम १० वर तोलतात. मग रस्ते झाडा, टँकरनं भिजवा. पाणीटंचाईच्या मुलखात हे बघून मला तर हसू येतं. बंबाच्या नि भट्टीच्या धुराला टँकर काय करणार? तुमच्या नगरसेवकाला पीएम २.५ चाच आकडा विचारा.

आणि हो, आईचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.