एका घोटानं काय होतंय बे!

सोलापूर, एप्रिल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘मॅडम, वजनाच्या ऑपरेशनला चार महिने झाले, जखमा भरल्या, वजनही उतरतंय, आता एखादं कोल्ड्रिंक चालेल ना?’ उत्तर एका शब्दाचं आहे, नाही. ते मोबाइलवरच टाकलं असतं. पण नुसत्या ‘नाही’वर तू किती दिवस थांबशील याची मला शंका आहे, म्हणून हे पत्र. त्यात तुमचा सीझन तोंडावर आलाय. जूनला शाळा उघडतात, म्हणजे एप्रिल-मे गणवेशवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. वर पत्रा, आत मशिनींची घरघर, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि दुपारी चारच्या सुमारास कोणीतरी गार बाटल्यांचा क्रेट घेऊन दारात उभा. त्या चार वाजताच्या वेळेसाठी हे लिहितेय.

आधी तुझ्या पोटात आता काय उरलंय ते समजून घे. तुझं जे ऑपरेशन झालं, त्या स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी, आणि तिच्यात सुरुवातीला 100 ते 150 मिली एवढंच मावतं. जो भाग गेला, त्यात जठराचा वरचा फुगणारा भाग होता. जेवताना तोच सैल पडून जागा करून द्यायचा, गिळलेली हवाही तिथेच वर जमायची आणि ढेकर होऊन निघून जायची. राहिलेली नळी तशी सैल पडत नाही. खालच्या तोंडाची झडप मात्र पूर्वीसारखीच आवळलेली आहे. त्यामुळे आतला दाब पूर्वीपेक्षा जास्त.

आता बाटलीकडे बघ. कोल्ड्रिंकमध्ये कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळवलेला असतो, पेयाच्या आकारमानाच्या साधारण तीन ते चार पट. 250 मिलीच्या बाटलीत म्हणजे पाऊण ते एक लिटर वायू. झाकण उघडलं की थोडा उडतो, पण गार पेय बाकीचा धरून ठेवतं आणि 37 अंशाच्या पोटात पोचलं की सोडायला लागतं. तोही दीडशे मिलीच्या नळीत! मग छातीच्या हाडाखाली आवळल्यासारखं होतं, ढेकर अर्ध्यावर अडकतो, कधी तोंडाला आंबट पाणी येतं. स्लीव्हनंतर जळजळ हा तसाही पुष्कळांचा त्रास. वर येणारा वायू सोबत ॲसिडही घेऊन येतो. त्यात कोल्ड्रिंक स्वतः आम्ल. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो.

‘सोड्यानं पोट परत ताणून मोठं होतं’ असं तुला कोणीतरी सांगितलं असेल. हे वाक्य सगळीकडे फिरतं. मी ते पेशंटला सांगत नाही, कारण त्याला म्हणावा तसा भक्कम पुरावा नाही. वायू काही वेळानं निघून जातो. तुला भीती घालून गप्प बसवणं सोपं आहे, पण उद्या तू एक बाटली प्यालास आणि पोट काही मोठं झालं नाही, तर माझ्या बाकीच्या बोलण्यावरचाही तुझा विश्वास उडेल. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं.

आज प्यालास तर बहुतेक दुखेल. दुखलं तर बरंच आहे, तू पुन्हा वाटेला जाणार नाहीस. पण वर्षभरात नळी थोडी सैलावते, शरीर सरावतं, आणि एक दिवस लग्नात कोणाच्या तरी आग्रहाखातर चार घोट घेशील तेव्हा काहीच होणार नाही. ना कळ, ना जळजळ. मला त्या दिवसाची भीती आहे. कारण भाकरी नळीत अडते, मटणाचा तुकडा अडतो, दोन-चार घासांत पोट ‘बस’ म्हणतं. गोड पाणी मात्र अडत नाही. ते सरळ खाली उतरतं, पोट भरल्याची जाणीवही देत नाही. 250 मिलीच्या बाटलीत साधारण 25 ते 27 ग्रॅम साखर, चहाचे पाच चमचे भरून. ऑपरेशननं तुझ्या खाण्याला दार बसवलंय. पिण्याला ते नाही.

माझ्याकडे एक बाई यायच्या. स्लीव्ह होऊन दीडेक वर्ष झालेलं, छान उतरलेलं वजन परत चढायला लागलं होतं. खाण्याची वही आणली, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. अर्धी भाकरी, वाटीभर डाळ, अंडं, दही. बोलता बोलता त्यांनी पर्समधून अर्ध्या लिटरची कोल्याची बाटली काढली, झाकण फिरवलं, एक घोट घेतला, झाकण घट्ट लावलं आणि पर्समध्ये ठेवली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आम्ही पाणी असंच प्यायला शिकवतो, घोट घोट, थांबून थांबून. त्यांनी तो धडा कोल्याला लावला होता. त्रास काहीच नव्हता, म्हणून वहीतही नोंद नव्हती. दिवसाला अर्धा लिटर म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वर साखर, दोनशेच्या आसपास कॅलरी, रोज, आणि वर दुपारची भूक आहे तशीच. मी रागावले नाही. त्यांना ते खाणं वाटतच नव्हतं.

तुझ्यासोबत पुण्याला वॉर्डात होते ना, अक्कलकोट रोडचे काका, ते अजून तुला फोन करतात म्हणालास. त्यांचं जठराचं बायपास झालंय (हृदयाचं नव्हे), त्यांचं गणित निराळं. बायपासमध्ये वर 30 मिलीच्या आसपासचीच पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. गोड पेय झपकन आतड्यात उतरतं. दहा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरतात. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही ते होऊ शकतं, पण बायपासमध्ये जास्त. शिवाय त्या जोडावर अल्सर होण्याचा धोका असतो, आणि तंबाखू व दुखण्याच्या काही गोळ्या तो वाढवतात. काका तंबाखूचा मावा खातात हे मला तूच सांगितलंस. त्यांना माझा निरोप दे, कोल्ड्रिंकच्या आधी मावा बंद करा म्हणावं. आणि ‘काकांना त्रास झाला, मला नाही’ किंवा त्याच्या उलट, असली तुलना करत बसू नकोस.

आता आपल्या गावाची खोड. पोट जड वाटलं की सोडा. गॅस झाला की लिंबू सोडा, काळं मीठ मारून. पार्क चौपाटीवर रात्री बघ, निम्मे लोक भजी-पावभाजी खायला आणि निम्मे ती जिरवायला उभे असतात. त्या सोड्यानंतर जो दणदणीत ढेकर येतो ना, तो बहुतांशी त्या सोड्याचाच असतो. वायू आपणच आत घालायचा आणि बाहेर आला की म्हणायचं ‘हलकं वाटलं’. पूर्वी हे तुला परवडत होतं. गोटी सोडा असो, पुदिना सोडा असो की इनोचं पाकीट, वायू एकच. इनो औषधाच्या दुकानात मिळतं म्हणून ते यातून सुटत नाही. पाण्यात जो फेस उठतो तो कार्बन डायऑक्साइडचाच. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्याही त्यातल्याच. तुला चघळायच्या किंवा साध्या गिळायच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्याच घे. जळजळ होत असेल तर सर्जनला सांग, त्यावर नीट औषध असतं.

‘झिरो’ लिहिलेल्या बाटलीचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. तिच्यात साखर नाही हे खरं. गॅस तोच, आंबटपणा तोच, कोला असेल तर कॅफिनही. आणि रात्रभर झाकण उघडं ठेवून गॅस घालवलेलं कोल्ड्रिंक? गॅस गेला, साखर तिथेच, चव मात्र पार गेली. कशासाठी प्यायचं ते? बिअरला हे सगळं लागू आहेच, त्याहून वर म्हणजे ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. त्यावर बोलायचं असेल तर समोर ये.

मग प्यायचं काय? मला विचारशील तर खरा प्रश्न हाच आहे. सोलापूरच्या मे महिन्यात तुला कोल्ड्रिंकपेक्षा पाणी न पिण्यानं लवकर त्रास होईल. तू आता गटागटा पिऊ शकत नाहीस, तहान लागल्यावर पाणी भरून काढणं जमणार नाही, म्हणून तहानेच्या आधी प्यायचं. दिवसाला किमान दीड लिटर, या उन्हात दोनच्या आसपास. तासाला 150 मिली धर, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत घोट घोट, की होतं. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, हे तुला पाठ आहे. तुमच्याकडची अडचण मला ठाऊक आहे. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून युनिटमध्ये जार मागवता. तो तीन वाजता संपतो, नवीन जार येईपर्यंत कोणीतरी म्हणतो, ‘जाऊ दे, गार काहीतरी मागव.’ तेव्हा घरून स्वतःच्या दोन स्टीलच्या बाटल्या न्यायच्या, एक पाण्याची, एक ताकाची. ताक पातळ, लोणी काढलेलं, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घालून. ताकात प्रथिनं थोडीच असतात, त्यामुळे दिवसाचे 60 ते 80 ग्रॅम भरताना ते मोजू नकोस. अंडी, पनीर, डाळ, चिकन आपापल्या जागी हवंच. कोकमाचं साखर न घातलेलं सरबत, लिंबू-मीठ पाणी, कैरीचं पन्हं गुळाशिवाय, हे सगळं चालतं. पन्हं गुळाशिवाय कसं लागतं ते मला माहीत आहे, तोंड वाकडं करू नकोस.

रसवंतीचं मात्र नाव काढू नकोस. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण उसाच्या पेलाभर रसात कोल्ड्रिंकपेक्षा साखर कमी नसते. त्यात गॅस नाही, एवढाच फरक. फार घाम गेला, चक्कर आल्यासारखं वाटलं तर ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात. तिच्यात ग्लुकोज लिटरला 13.5 ग्रॅम, कोल्याच्या लिटरमध्ये शंभरच्या वर. फळाच्या चवीचे गोड तयार डबे ओआरएस म्हणून उचलू नकोस, पुडीच आण.

राहता राहिली माणसं. हैदराबादचा, विजयपूरचा व्यापारी ऑर्डर द्यायला आला की बाटली फोडल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत, आणि तू नाही म्हणालास तर वडील डोळे वटारतात, हे तू मागे बोलला होतास. ऑपरेशनची गोष्ट सगळ्यांना सांगायची तुझी इच्छा नाही, त्यात गैर काही नाही. पण ‘ॲसिडिटी आहे’ म्हणू नकोस. लगेच समोरचा म्हणेल, ‘मग सोडा घ्या, लगेच उतरते!’ ‘गोळ्या चालू आहेत’ एवढंच म्हण. ते खोटंही नाही, बी12, लोह, कॅल्शियम चालूच आहे. आणि गोळ्यांपुढे आपल्याकडे कोणी आग्रह करत नाही. पाहुण्याला बाटली, तुझ्या हातात ताकाचा पेला. हात रिकामा दिसला की लोक भरायला बघतात. मित्रांचं अवघड. ते ‘एका घोटानं काय होतंय बे’ म्हणणार, तुझ्या प्रेमापोटीच म्हणणार. त्यातल्या एकाला, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला, सगळं नीट सांगून ठेव. टेबलावर तो तुझ्या बाजूनं बोलला की बाकीचे गप्प बसतात.

चुकून प्यायलास तर घाबरू नकोस. थांब, उरलेलं बाजूला ठेव, आडवा पडू नकोस, सावकाश फेऱ्या मार, बोटं घालून उलटी काढू नकोस. तासा-दोन तासांत बहुधा निवळतं. पण दिवसभर पाणीही टिकेना, लघवी गडद आणि कमी झाली, शौच काळी झाली, किंवा छाती-पोटातली कळ थांबेना, तर मला मेसेज करत बसू नकोस, सरळ सर्जनला फोन कर. उलट्या दोन-तीन दिवसांच्या वर चालल्या तर बी1 जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्याचा फटका नसांना बसतो. तेव्हा ‘सीझन आहे, नंतर बघू’ चालणार नाही.

आता ‘मग कधीच नाही का?’ काही डॉक्टर वर्षभरानंतर थोडी मोकळीक देतात, काही कायमचं बंद म्हणतात. तुझ्या सर्जनचा शब्द शेवटचा. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन सर्वांत जास्त उतरतं, भूकही कमी असते, तेवढ्या काळात जीभ नव्या चवीला लावून घे. यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरच्या यात्रेत, तू मऊ खिचडीवर होतास आणि तरीही होम मैदानावर तीन तास हिंडलास, हे तुझ्या आईनं मला कौतुकानं सांगितलं.

जूनमध्ये सहा महिन्यांच्या तपासणीला पुण्याला जाशील तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसायच्या आधी एक काम कर. गेल्या महिन्यात जळजळ किती वेळा झाली, रात्री की दिवसा, काय खाल्ल्या-प्यायल्यावर, हे एका कागदावर लिहून ने. तिथे गेल्यावर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून येतोस तू. रक्ताचे रिपोर्ट आले की मला पाठव, बी12 आणि डीचे आकडे मला बघायचेत. आणि ताकाची बाटली रोज गरम पाण्यानं धुवायला सांग, उन्हाळ्यात वास धरते.

तुझी,
आहारवाली मॅडम