तारा की अलायनर? माझा सुळा जागचा हलला नाही त्याची गोष्ट

खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वरचा एक सुळा बाहेर आणि तोही फिरलेला, एक डॉक्टर तारा म्हणतायत आणि दुसरीकडे ‘आठ महिन्यांत अलायनरने (दातांवर चढवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे) होईल’ असं सांगितलंय, हे तुमचं वाचलं आणि चार वर्षांपूर्वीची मीच आठवले. म्हणून जरा लांबण लावतेय. मी डॉक्टर नाही हं, फक्त दोन्ही प्रकार स्वतःच्या तोंडात भोगून झालेत.

अलायनर काढता येतात, तारा दिसतात, गाल सोलवटतात वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडते.

मी अलायनर घेतले कारण चारचौघांत तारा दिसायला नको होत्या, बस्स. क्लिनिकमध्ये तोंडात स्कॅनर फिरवला, स्क्रीनवर माझे दात सरसर सरळ होताना दाखवले आणि मी भुलले. पूर्ण जबड्याचा एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, आणि मीही विचारलं नाही. तो व्हिडिओ नुसता आराखडा असतो, खरे दात तसेच हलतील असं नाही, हे कळायला फार उशीर झाला.

सुळा म्हणजे निमुळता, गुळगुळीत दात, प्लॅस्टिकला त्याच्यावर पकडच मिळत नाही. म्हणून त्याच्यावर दाताच्याच रंगाचा छोटा उंचवटा चिकटवतात, अटॅचमेंट म्हणतात त्याला. माझी दुसऱ्याच महिन्यात पडली. कळवलं, तर म्हणे काही फरक पडत नाही.

अलायनरचा एकेक साचा म्हणजे ट्रे. सातव्या ट्रेला सुळ्याच्या टोकाशी फट दिसायला लागली. बाकी सगळीकडे प्लॅस्टिक घट्ट, तिथे मात्र पोकळी, आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरला की आत थुंकीचा बुडबुडा मागेपुढे होताना दिसायचा. फोटो पाठवला, उत्तर आलं ‘येईल हळूहळू, पुढचा ट्रे घाला’. परत पाठवला, परत तेच. आणि मी शहाणी, दर दहा दिवसांनी इमानेइतबारे पुढचा ट्रे चढवत गेले. हीच माझी घोडचूक. प्रत्येक ट्रे आधीच्या ट्रेने दात हललाय असं धरूनच बनवलेला असतो, त्यामुळे एकदा मागे पडलेला दात दर ट्रेला आणखीनच मागे पडतो. चौदाव्याला तर ट्रे तिथे बसेचना. मग काय, नवीन स्कॅन, नवीन ट्रे, वेगळे पैसे, आणि वर ‘तुम्ही नीट घातले नसतील’. अहो, मी टायमर लावून दिवसाचे बावीस तास घालत होते! अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढले, खालच्या दातांच्या बाजू अगदी किंचित घासून जागा केली, तारा लावल्या, आणि जो सुळा दहा महिने ढिम्म होता तो काही महिन्यांत फिरला. तारांचाही जाच आहेच, सुरुवातीला गालाला टोचणाऱ्या ब्रॅकेटना (तार धरणारे, दाताला चिकटवलेले तुकडे) मेण लावून झोपायचे, आणि ब्रॅकेटच्या कडेने घासायचा कंटाळा केलात तर दातांवर पांढरे डाग राहतात, त्यामुळे दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश घ्याच.

माझं मत विचाराल तर, दाटी थोडी असेल आणि अंगात शिस्त असेल तर अलायनर खुशाल घ्या. तुमच्यासारखा फिरलेला सुळा असेल किंवा दात काढायचे असतील तर मी तरी तारा घेईन. मुरलेले ऑर्थोडॉन्टिस्ट अलायनरनेही अवघड केसेस पार पाडतात, नाही असं नाही, पण मग तुमची केस प्रत्यक्ष कोण बघणार ते विचारा. जागा कुठून करणार, घासून, कमान रुंदावून की दात काढून, हेही विचारा. अटॅचमेंट पडली तर कोण लावणार? मधेच नवीन ट्रे लागले तर त्याचे पैसे धरलेत का? गुळमुळीत उत्तरं आली तर उठा.

आणि हो, ट्रे काढून टिश्यूत गुंडाळू नका, माझा एक तसाच कचऱ्यात गेला. आधीचा ट्रे जपून ठेवा, अशा वेळी तोच कामाला येतो. काहीही निवडलंत तरी शेवटी रात्रीचा रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा) आहेच, मी तीन आठवडे टाळला तर बसवताना डोळ्यांत पाणी आलं.

अलायनरच घेतलेत तर टॉर्च मारून बघत जा, आणि फट दिसली तर पुढच्या ट्रेला हात लावू नका, प्रत्यक्ष जाऊन खुर्चीत बसून दाखवा, फोटो पाठवून नाही.